आकडा तोच, उपाय वेगळा

प्रिय,

तुझा नर्सिंग केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची निदानं आणि त्यावर नर्सने काय करायचं याचा कागद, दोनदा वाचला. निदानं बरोबर मांडली आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढचा उपायांचा रकाना वॉर्डातल्या कुठल्याही खाटेला लागू पडेल असा झालाय. 'पोझिशन द्यावी, व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप) बघावेत, धीर द्यावा.' पोटाचं ऑपरेशन झालेल्यालाही तेच आणि हार्ट फेल्युअरवाल्यालाही तेच. उपाय ठरवताना निदानाच्या नावाशी अडकू नकोस, या पेशंटमध्ये ते कशामुळे झालंय तिकडे बघ.

एकच उदाहरण नीट सोडवू. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बोटाला लावलेल्या मशीनवर दिसतं ते) ९१ टक्के. आधी बोट गार आहे का, नखाला नेलपॉलिश आहे का, मशीनवरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का, ते बघ. आकडा खरा निघाला तर वॉर्डच्या नियमाप्रमाणे ऑक्सिजन लाव आणि लगेच घड्याळ हातात घेऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय अजिबात लावून घेऊ नकोस. पुढचं सगळं याच मोजणीवर ठरतं.

श्वास २६, उथळ, हात जखमेवर घट्ट, खोकायला तयार नाही. इथे दुखणं मूळ आहे. दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, म्हणून फुप्फुसाचा खालचा भाग मिटत जातो. वेदनाशामक न देता स्पायरोमीटर (खोल श्वास आत ओढायच्या व्यायामाचं उपकरण) हातात दिलास तर तो दोनदा ओढून बाजूला ठेवेल. शिरेतून औषध दिलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांब, तोंडावाटे दिलं असेल तर अर्धा-पाऊण तास. मग टेकून नीट बसव, जखमेवर उशी दाबून धरायला शिकव आणि जागेपणी दर तासाला साधारण १० वेळा स्पायरोमीटर करून घे: सावकाश आत ओढायचं, ३ ते ५ सेकंद धरायचं, सोडायचं. बरेच पेशंट त्यात फुंकतात, त्यामुळे पहिल्या वेळी समोर उभं राहायलाच हवं. सलग घाईने केलं तर चक्कर येते, मध्ये दम घेऊ दे.

आता तेच ९१, पण श्वास ८ आणि हाक मारली की डोळे उघडून वाक्य अर्धवट टाकून पुन्हा झोपतोय. हा ओपिऑइडचा, म्हणजे मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकाचा, परिणाम असू शकतो. इथे पुढचा डोस म्हणजे घात. जागं कर, श्वासमार्ग मोकळा ठेव, त्या औषधाचा पंप किंवा इन्फ्युजन चालू असेल तर थांबव, मदतीला बोलाव, नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा उतारा) हाताशी आण. श्वासाची गती घटण्याआधी गुंगी वाढते, त्यामुळे चार्टवर गुंगीचीही नोंद हवी. आणि ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन छान दिसत राहतं, आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. त्या ९८ वर विसंबू नकोस.

तिसरा: श्वास २८, आडवं झोपता येत नाही, स्टेथोस्कोपने फुप्फुसांत दोन्ही बाजूंना खाली बारीक चरचर, आणि इनटेक-आउटपुटच्या (शरीरात गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी) कागदावर दोन लिटरची शिल्लक. इथे अंगात पाणी जास्त झालंय. उभट बसव, सलाईनचा वेग डॉक्टरांशी बोलून कमी करून घे, रोजचं वजन सुरू कर. सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर, तितक्याच कपड्यांत. एका दिवसात वाढलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. चौथा: अचानक धाप, छातीत कळ, नाडी १२०, एक पोटरी सुजलेली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. याला चालवायचं नाही, पाय चोळायचा नाही, फोन त्याच क्षणी.

आणि पाचवा, ज्याला जुना फुप्फुसविकार आहे आणि कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती आहे, त्याचं लक्ष्यच ८८ ते ९२ असतं. तिथे ९१ म्हणजे ठीक आहे. 'सॅच्युरेशन ९४ च्या वर ठेवावं' ही ओळ सरसकट लिहिलीस तर पुढच्या ड्यूटीवरचं माणूस मन लावून त्याला अपाय करेल.

लघवी कमी झाली की लगेच 'फ्लुइड वाढवा' हे तुझ्या प्लॅनमध्ये दोनदा आलंय. ६० किलोच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली राहिली तर दखल घ्यायची, बरोबर. पण तपासणी बॅगेपासून पेशंटकडे सरकत कर. लघवीची नळी मांडीखाली दबलीय का, पिळलीय का, बॅग मूत्राशयाच्या वर टांगलीय का, ओटीपोट फुगून कडक लागतंय का. हे सगळं साफ निघालं की मग नाडी, बीपी, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी), ड्रेसिंग. आत रक्तस्राव होत असेल तर बीपी उशिरा पडतं, नाडी आधी वाढते; मात्र बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेणाऱ्याची नाडी वाढेलच असं नाही, म्हणून औषधांचा कागद बघितल्याशिवाय 'नाडी ८०, ठीक' म्हणू नकोस.

लिहिताना प्रत्येक उपायात काय, किती, किती वेळाने आणि कधी थांबायचं हे आलं पाहिजे. 'पेशंटला चालवावं' याचा अर्थ कोणी काहीही घेईल. '५ मिनिटं आडवं ठेवून बीपी, उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, किंवा घेरी आली, तर परत खाटेवर' असं लिहिलं की रात्रपाळीला तुला विचारायची गरज पडत नाही. शुगरचंही तसंच. ७० च्या खाली, शुद्धीवर आहे आणि नीट गिळतोय: १५ ग्रॅम लगेच विरघळणारी साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

काही उपायांना ऑर्डरची वाट बघायची नसते, हेही प्लॅनमध्ये स्पष्ट दिसू दे. रक्त चढवणं चालू असताना थंडी वाजली, ताप चढला, कंबर दुखू लागली तर आधी रक्त बंद, नंतर फोन. नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेव. जुन्याच नळीतून सलाईन सोडलंस तर नळीतलं रक्त आत जाईल. पिशवी टाकून देऊ नकोस, ती तपासणीला जाते. पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही, ते यासाठीच.

'धीर द्यावा' खोडून टाक, किंवा काय सांगणार ते लिही.

माकडहाडावरच्या लालीला 'मसाज' लिहिलंयस, तेही काढ. बोटाने दाबून बघ. लाली पांढरी पडत नसेल तर आतल्या ऊती आधीच दुखावल्यात, चोळल्याने आणखी फाटतील. ३० अंशांत कुशीवर, टाचा गादीपासून उचललेल्या, आणि निदान दर दोन तासांनी बाजू बदल.

राहिली चार नंबरच्या खाटेची शेवटची ओळ, 'ड्रेनवर लक्ष ठेवावं'. ती आजच पुन्हा लिहून पाठव: दर किती तासांनी मोजणार, कोणता रंग चालेल, आणि तासाला किती मिलिलिटर झाले की सर्जनला फोन करायचा. शेवटचा आकडा त्यांनाच विचारून घे.