छोटं करिअर कॉलेज की काउंटी कॉलेज?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारी एक गृहिणी. पुण्याची मायक्रोबायोलॉजीतली तीन वर्षांची बी.एस्सी., नुकतंच मिळालेलं ग्रीन कार्ड, मुलगी पहिलीत. मेडिकल असिस्टंट, म्हणजे दवाखान्यातली प्रशिक्षित मदतनीस, व्हायचं, एवढं ठरलेलं. समोर दोन वाटा: काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं सरकारी कम्युनिटी कॉलेज, नाहीतर एखाद्या नोकरीपुरतं शिकवणारं खासगी करिअर कॉलेज. "काउंटी कॉलेजात गर्दी असते म्हणे, तिथे कोण लक्ष देणार? हे खासगी कॉलेज छोटं आहे, नऊ महिन्यांत संपतं. घेऊन टाकू का प्रवेश?"

गर्दीची धास्ती फुकाची. शेकड्यांनी मुलं बसतात ती मोठ्या विद्यापीठांच्या सभागृहांत. कम्युनिटी कॉलेजचे वर्ग बहुधा शाळेच्या वर्गाएवढेच. अडचण वेगळी आहे: सत्र सप्टेंबरात नाहीतर जानेवारीत सुरू होतं आणि दवाखान्यातल्या प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या असतात. करिअर कॉलेजात वर्षातून बऱ्याचदा नवी तुकडी निघते, संध्याकाळचे वर्ग मिळतात. लहान मूल घरात असताना ही सोय खरीच मोठी.

तिने प्रवेशाचा करार सोबत आणला होता. फीचा आकडा ठळक. पुस्तकं, गणवेश, किट वेगळ्या रकान्यात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम: इथली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचं मोजमाप, धरायची की नाही, हे पुढचं कॉलेज ठरवेल. म्हणून मी तिला विचारलं, यानंतर काय करायचंय?

"जमलं तर नर्सिंग."

इथेच पारडं फिरलं. नर्सिंगच्या आधी अॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग लागतात, सहसा प्रत्येकी 4 क्रेडिट्सचे. करिअर कॉलेजात शिकलेली अॅनाटॉमी बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. तोच विषय पुन्हा, फीही पुन्हा. कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्था प्रादेशिक आणि राष्ट्रीय अशा दोन प्रकारच्या मानल्या जात; 2020 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने हा भेद काढला, पण क्रेडिट्सचा निर्णय अजून ज्या त्या कॉलेजचाच आहे.

फोनवर करिअर कॉलेजने तिला पेल ग्रँटचंही, म्हणजे परत न करायच्या सरकारी मदतीचंही, गाजर दाखवलेलं. बॅचलर पदवी असलेल्याला अशा कोर्ससाठी ती मिळत नाही, पदवी परदेशातली असली तरी. तीन वर्षांच्या पदवीचं काय, हे समकक्षता तपासून कॉलेज ठरवतं. म्हणजे आधी गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन, मग हिशेब. ग्रँट नाही मिळाली तर करिअर कॉलेजची जवळजवळ सगळी फी कर्जावर. कम्युनिटी कॉलेजात स्थानिकांची सरासरी वार्षिक फी 2024-25 मध्ये सुमारे 4,050 डॉलर होती.

कॉलेजची मान्यता आणि कोर्सची मान्यता यांत लोक हमखास गल्लत करतात. सीएमए, म्हणजे प्रमाणित मेडिकल असिस्टंटच्या, परीक्षेचा नेहमीचा मार्ग सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या संस्थांची मान्यता असलेल्या कोर्समधून जातो. नुसतं 'आमचं कॉलेज मान्यताप्राप्त आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

तिने करार सहीविना परत केला आणि काउंटी कॉलेजात जानेवारीच्या सत्रात अॅनाटॉमीचा पहिला भाग संध्याकाळच्या तुकडीत घेतला. नर्सिंगचा विचारच नसता, वर्षभरात पगार हवा असता आणि कोर्सला या दोनपैकी एका संस्थेची मान्यता असती, तर त्याच करारावर सही करायला हरकत नव्हती. फक्त एक्सटर्नशिप, म्हणजे दवाखान्यातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, कुठल्या दवाखान्यात आणि किती तासांची, हे आधी लेखी घ्यायचं. जागा विद्यार्थिनीनेच शोधायची असं ऐनवेळी कळलं की नऊ महिन्यांचे बारा होतात.