मुलांच्या मालिका लिहिणं : एका वडिलांच्या पत्राला उत्तर

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची, विज्ञान शाखेत, अभ्यासात चांगली. धाकटा भाऊ पाच वर्षांचा. तो कार्टून लावून बसला की ही वही घेऊन त्याच्या शेजारी. आम्हाला वाटायचं, भावाला सोबत करते. आता म्हणते, मुलांच्या मालिका लिहायच्या आहेत, विज्ञान सोडते. चित्रकला तिची बेताचीच. खरं सांगायचं तर त्यातल्या एक-दोन मालिका मीही दारात उभा राहून शेवटपर्यंत बघतो, त्यामुळे रागवायलाही तोंड उरत नाही. यात पोटापाण्याचं काही आहे का? विज्ञान सोडू द्यावं का? शिवाय चित्र काढायचा महागडा टॅब्लेट मागतेय, तो घ्यावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आधी तुमच्याबद्दल बोलते, मग मुलीबद्दल.

दमून घरी आलेला माणूस पाच वर्षांच्या मुलासाठी केलेल्या कार्टूनसमोर दारात खिळून राहतो, हे आपोआप होत नाही. कुणीतरी डोकं लावून तुम्हाला तिथे थांबवलेलं असतं. मुलीला नेमकं हेच काम करायचं आहे, आणि तुम्ही स्वतः त्याचे साक्षीदार आहात. म्हणून ‘यात काही आहे का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याकडेच आहे.

मोठ्यांना धरून ठेवायचं म्हणजे मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद मधूनमधून पेरायचे, असा एक सरधोपट समज आहे. तसल्या मालिका भरपूर निघतात. मोठे एकदा हसतात आणि फोनकडे वळतात. टिकणाऱ्या मालिका वेगळ्या रीतीने बांधलेल्या असतात. ‘ब्लुई’ घ्या. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची ही मालिका २०१८ साली सुरू झाली. निर्माते जो ब्रम स्वतः दोन मुलींचे वडील. एक कुत्र्यांचं कुटुंब, आई, बाबा, दोन मुली, आणि भाग जेमतेम सात मिनिटांचा. त्यातला ‘स्लीपीटाइम’ हा भाग मुलीबरोबर बसून बघा. धाकटी बिंगो ठरवते, आज मोठ्यांसारखं आपल्याच पलंगावर झोपायचं. झोप लागते आणि स्वप्नात ती ग्रहांमधून तरंगत जाते. मुलांना दिसतो तो अवकाशाचा प्रवास. आई-बापांना त्याच सात मिनिटांत दिसते घरातली रात्र : कोण कुणाच्या अंथरुणात घुसलं, कुणाची लाथ कुणाला बसली, कोण अर्धवट झोपेत पाणी मागतंय. मागे होल्स्ट या संगीतकाराच्या ‘द प्लॅनेट्स’मधली गुरू ग्रहाची धून वाजते. शेवटाकडे मुलांना वाटतं, बिंगोला धीर आला. आई-बापांना कळतं, ती आपल्यापासून थोडी दूर झाली. प्रसंग एकच, पण तो दोन उंचीच्या डोळ्यांनी पाहिलेला. यात मोठ्यांना डोळा मारलेला नाही, मुलांपासून लपवलेलंही काही नाही.

अशा मालिकेतल्या मोठ्यांकडेही बघा. पुष्कळ कार्टूनमध्ये आई-बाबा म्हणजे दारातून ओरडणारे दोन पाय, नाहीतर ठार वेडे. ब्लुईचा बाबा खेळतो, कंटाळतो, पळवाट शोधतो, हरतो. लेखकाने त्याला पात्र म्हणून वागवलं आहे, म्हणून बघणाऱ्या बापाला तिथे जागा मिळते. संवाद तर लागतातच असंही नाही. आर्डमन स्टुडिओच्या ‘शॉन द शीप’मध्ये (२००७) शेतकरी नुसता पुटपुटतो, मेंढ्या बें बें करतात, आणि घरातली तिन्ही पिढ्यांची माणसं एकाच जागी हसतात. कोण कुठे उभं आहे, कुणाला काय दिसतंय आणि कुणाला अजून दिसलेलं नाही, यावर ते सगळं बेतलेलं असतं. शब्दांवाचून हे साधणं लिहिण्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, असं माझं मत.

आता या कामाची दुसरी बाजू, जी बाहेरच्यांना माहीत नसते. ‘सेसमी स्ट्रीट’ ही लहान मुलांना शिकवणारी, माणसं आणि बाहुल्यांची मालिका अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. त्याआधी संशोधक एडवर्ड पामर यांनी एक साधी युक्ती केली. टीव्हीवर कार्यक्रमाचा भाग लावायचा आणि शेजारी एका पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी नवी स्लाइड दाखवायची. मूल कुठे बघतंय ते सेकंदासेकंदाला टिपायचं. नजर स्लाइडकडे गेली की तिथे कार्यक्रम पडला. प्रक्षेपणाआधीच्या उन्हाळ्यात काही भाग मुलांना दाखवून पाहिले, तेव्हा खऱ्या माणसांच्या, रस्त्यावरच्या प्रसंगांत लक्ष उडत असल्याचं दिसलं. बाहुल्या आल्या की मुलं परत पडद्याकडे वळत. पण बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र दाखवू नका, मुलं गोंधळतील, असं तज्ज्ञांनी बजावलेलं होतं. निर्मात्यांनी तो सल्ला मोडला आणि बाहुल्या करणारे जिम हेन्सन यांच्या चमूने माणसांबरोबर रस्त्यावर वावरतील अशा बाहुल्या केल्या. बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर त्यातून आले. त्याच मालिकेत नामवंत पाहुणे आणि मोठ्यांच्या कार्यक्रमांची विडंबनं मुद्दाम ठेवली जात, कारण घरातलं मोठं माणूस शेजारी बसलं, मुलाशी त्यावर बोललं, तर मूल जास्त शिकतं. तुम्हाला दारातून आत आणण्यामागे असा हेतूही असतो.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण मुलीच्या वहीत काय आहे हे तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही. एकदा विचारा. पात्रांची नावं आणि आवडलेली वाक्यं असतील, तर ती रसिक आहे, आनंद आहे. पण ‘भाऊ इथे उठून गेला’, ‘हा प्रसंग उगाच लांबला’, ‘बाबा इथे हसले, तो नाही हसला’ अशा नोंदी असतील, तर तिने काम सुरू केलेलं आहे आणि घरात कुणाला पत्ता नाही.

चित्रकलेबद्दल. दोन प्रकारे मालिका लिहिल्या जातात. एकात लेखक आधी पूर्ण पटकथा संवादांसकट लिहितो, मग स्टोरीबोर्डवाले ती चित्रांच्या चौकटींत मांडतात. दुसऱ्यात गोष्टीचा नुसता आराखडा दिला जातो आणि बोर्ड काढणारी माणसंच काढता काढता संवाद लिहितात. ‘स्पंजबॉब’ ही समुद्रतळावरची कार्टून मालिका या दुसऱ्या पद्धतीने झाली. तिथे हात चांगला लागतो. पहिल्या पद्धतीत काड्यामाड्यांची माणसं काढता आली तरी निभतं. मात्र चौकटीत विचार करता आलाच पाहिजे. बोर्डच्या चौकटी आणि कच्चे आवाज वेळेवर बसवून अॅनिमॅटिक तयार करतात, आणि भाग चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. पुढचं अॅनिमेशन महाग असतं. ते सुरू झाल्यावर गोष्ट दुरुस्त करत बसणं कुणालाच परवडत नाही.

लेखन आणि बोर्ड सोडूनही या धंद्यात कामं आहेत : संकलन, आवाजाचं दिग्दर्शन, संगीत, निर्मिती व्यवस्थापन, वाहिनीत बसून कोणती मालिका घ्यायची ते ठरवणं. त्यातली दोन मला तुमच्या मुलीसाठी ठळक दिसतात. एक, बालविकासाचा सल्लागार किंवा संशोधक. ‘ब्लूज क्लूज’ (१९९६) ही लहानांना कोडी घालणारी मालिका घडवणाऱ्यांपैकी अँजेला सँटोमेरो विकासात्मक मानसशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि त्या मालिकेचा प्रत्येक भाग पक्का होण्याआधी तीनदा मुलांसमोर तपासला जाई. दुसरं, डबिंगसाठी संवाद बसवणं. परक्या भाषेतलं वाक्य ओठांच्या हालचालीत बसवायचं, विनोद आपल्या भाषेत नव्याने उभा करायचा, आणि तेही उद्या सकाळपर्यंत. फारसा मान नसलेलं काम आहे, पण संवाद लिहिणाऱ्याचा हात इथे जसा घडतो तसा वर्गात बसून घडत नाही. नवख्यांना दार उघडं असण्याची शक्यताही इथे जास्त.

एक सावधगिरीची गोष्ट तिलाही सांगा. ‘ब्लूज क्लूज’चा एकच भाग सुरुवातीला सलग पाच दिवस दाखवत. आई-बाबा कंटाळून जात असतील, पण लहान मुलांना तीच पुनरावृत्ती हवी असते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उत्तर आधी ओरडता येतं त्यातच त्यांची मजा. म्हणजे मोठ्यांना आवडली तरच मालिका चांगली, असं नाही. पहिला प्रेक्षक मूल. सतरा-अठराच्या वयात लिहिणाऱ्यांची एक खोड असते, मोठ्यांची शाबासकी मिळवायला ते मुलांना विसरतात.

पैशाचं आडपडदा न ठेवता लिहिते. बरंचसं काम कंत्राटी असतं. एक सीझन संपला की पुढचा मंजूर होईपर्यंत हात रिकामे, आणि तो मंजूर होईलच याची हमी कुणी देत नाही. सुचलेल्या दहा कल्पनांतली एखादी पायलटपर्यंत, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागापर्यंत, गेली तरी खूप. मालिका घ्यायची की नाही हे ठरताना खेळणी खपतील का, हाही हिशेब होतो आणि त्यात बऱ्या गोष्टी मागे पडतात. ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम लागते, त्याने जोडीला दुसरं काम धरावं : शिकवणं, जाहिरातीचं लेखन, भाषांतर. तसं पुष्कळजण करतात.

मग विज्ञान सोडू द्यावं का? घाईने नको. स्पंजबॉबचे जनक स्टीफन हिलनबर्ग आधी सागरी जीवशास्त्र शिकवायचे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव विद्यार्थ्यांना समजावेत म्हणून त्यांनी एक चित्रकथा काढली. अॅनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी नंतर घेतलं, आणि १९९९ मध्ये ती समुद्रतळाची दुनिया टीव्हीवर आली. विज्ञान वाया गेलं नाही, मालिका उभी राहिली ती त्यावरच. अर्थात एका माणसाचं उदाहरण म्हणजे नियम नव्हे. पण हातातलं वर्ष पूर्ण करून पुढच्या पदवीला मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, साहित्य किंवा माध्यमं यातलं काही घेतलं, तर लिहिण्याची वाट बंद होत नाही. बोर्ड किंवा दिग्दर्शनाकडे जायचं असेल तरच अॅनिमेशनची पदवी, आणि त्यासाठी माणसं समोर बसवून रेखाटनाचा सराव आतापासून लागेल. काही महिन्यांत नुसतं सॉफ्टवेअर शिकवून नोकरीची स्वप्नं दाखवणाऱ्या वर्गांना मात्र फी भरू नका. सॉफ्टवेअर बदलत राहतं, आणि काम देणारा माणूस प्रमाणपत्राआधी पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, मागतो.

निर्णय घेण्याआधी तिला एक काम द्या, त्यातून तिलाच बरंच उमगेल. आवडता एक भाग निवडायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचा आणि प्रत्येक प्रसंगाची वेळ लिहायची : कोणत्या मिनिटाला कुणाला काय हवंसं झालं, अडचण कधी आली, कशी वाढली. दुसऱ्यांदा फक्त मोठ्या पात्रांकडे लक्ष. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून भावाच्या चेहऱ्याकडे बघायचं, पामर यांच्यासारखं. तो कुठे उशीशी खेळू लागला, कुठे हात थांबला, ते टिपायचं.

मग स्वतःची सात मिनिटांची पटकथा. एका मिनिटाला एक पान हा ढोबळ हिशेब, अॅनिमेशनमध्ये हालचाली शब्दांत लिहाव्या लागतात म्हणून पानं थोडी वाढतील. विषय घरातला, अगदी छोटा : बूट घालायचा नाहीये, पाळी कुणाची, दिवा कोण बंद करणार. लिहून झाल्यावर भावाला आणि त्याच्या दोस्तांना मोठ्याने वाचून दाखवायची. ‘आवडली का?’ विचारू नये, मुलं हो म्हणून पळतात. दुसऱ्या दिवशी त्यांनाच गोष्ट सांगायला लावायची. जे त्यांच्या तोंडून गळलं, ते बहुधा पटकथेतही कच्चंच असतं. अशा तीन पटकथा, प्रत्येकीचा दुसरा खर्डा लिहूनही तिचा उत्साह टिकला, तर मला पुन्हा लिहा, पदवीचं नेमकं बोलू. पहिल्या खर्ड्यावर ती कंटाळली तर वाईट मानू नका. बघायला आवडणं आणि पुन्हापुन्हा लिहायला आवडणं यांत खूप अंतर आहे, आणि ते सतराव्या वर्षी कळलं तर कुणाचंच नुकसान नाही.

टॅब्लेट आत्ता नको. कोऱ्या कागदावर पेन्सिलने चौकटी काढू देत, मोबाइलने त्यांचे फोटो काढून, घरातल्यांचे आवाज भरून फुकटच्या अॅपवर अॅनिमॅटिक जोडू देत. बाबाचा आवाज तुम्ही द्या. दोन-तीन असे झाले आणि ती बोर्डकडे वळतेय असं दिसलं, तर तेव्हा साधासा, कॉम्प्युटरला जोडायचा पेन टॅब्लेट घ्या. पडदा असलेला महागडा लागेलच असं नाही.