तापल्यावर गिअर सुटतो

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक पिकअप सकाळी ठीक चालते. दुपारी माल भरून तुळजापूरकडे निघालो की चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. गिअरबॉक्स खोलावा का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : एवढ्यात नको. आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि आतल्या, गिअर धरणाऱ्या क्लच प्लेटा घसरतात. तापलेलं ऑइल पातळ होऊन झिजलेल्या सीलमधून निसटतं, म्हणून सकाळी त्रास जाणवत नाही. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असेल तर गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू ठेवा. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरवर क्षणभर थांबवत परत पी (पार्क) वर आणा, मग मोजा. डिपस्टिक नसलेल्या गाडीत लेव्हल प्लगवरून (गिअरबॉक्सवरचं ऑइलची पातळी बघायचं बूच), मॅन्युअलमधल्या तापमानालाच बघतात. ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला, हे ऑइल थंड करणारा कूलर फुटून पाणी मिसळलंय. गाडी चालवूच नका. काळं नि जळका वास म्हणजे प्लेटा गेल्या.

ऑइल चांगलं असेल तर कूलरची जाळी बघा. यंत्रमागाच्या भागात धुळीबरोबर कापसाचं तूसही बसतं. आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा.

गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उतरवलाच तर त्यातल्या चुंबकावरचा करडा लेप चालतो, धातूचे कण नाहीत. निघालेलं ऑइल मोजा, भरताना तेच माप धरा. कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिन नि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागात) राहतं. फिल्टर, गॅस्केट बदलून मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल भरा. जास्त भरलं तर फेस होतो आणि गिअर पुन्हा सुटतो.