गेटवे लावतोयस? आधी पोर्ट बघ

नवी मुंबईतल्या महापेच्या ऑफिसात गेटवे (साध्या फोन लाइन इंटरनेट कॉलिंगशी जोडणारा डबा) लावतोयस ना, मग आधी पोर्ट नीट ओळख. एफएक्सओमध्ये एक्स्चेंजकडून आलेली लाइन, एफएक्सएसमध्ये टेबलावरचा फोन. एफएक्सएस स्वतःच रिंगचं व्होल्टेज सोडतो. त्यात बाहेरची लाइन खुपसलीस तर पोर्ट जळू शकतो.

खरी मेख राउटिंगमध्ये, म्हणजे दाबलेला नंबर गेटवे पुढे कसा पाठवतो त्यात. ठाणे शहर, नवी मुंबई, मुंबई सगळं 022, म्हणून लोकल लँडलाइनला आठच आकडे. डोंबिवली मात्र 0251, तिथे कोड हवाच. मोबाइलला 15 जानेवारी 2021पासून लँडलाइनवरून आधी 0 लागतो. ऑफिसातली माणसं दहाच आकडे दाबणार (कितीही सांगितलंस तरी), तेव्हा तो 0 गेटवेलाच लावू दे. एक्स्टेंशन (ऑफिसातले आतले नंबर) 1ने सुरू करू नकोस, इमर्जन्सीच्या 112शी गल्लत होते. आणि बिझी टोन डिटेक्शन (बिझी टोन ऐकून लाइन सोडणं) चालू ठेव, नाहीतर समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून बसते.