फायरवॉल बंद करू नका, वाट करून द्या

एका कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरायचाय, पण फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा संरक्षक प्रोग्राम) बंद केली की प्रिंट येते, चालू केली की अडते, म्हणजे दोष प्रिंटरचा नाही हे कळलं. आता ती परत चालू करा आणि तशीच राहू द्या.

बदल करायचा तो प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडलाय त्याच्यावर. बरेच जण दुसऱ्याच मशीनवर तासभर खटपट करत बसतात (मीही बसलोय!). आधी विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते बघा. पब्लिक असेल तर शेअरिंग सहसा बंदच असतं. घरचं नेटवर्क असेल तर प्रायव्हेट करा, मग 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ला परवानगी द्या.

फायरवॉल वेगळ्या कंपनीची असेल तर नियम हाताने लिहून हे पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची क्रमांकाची दारं, उघडावी लागतील (टीसीपी आणि यूडीपी हे त्यांचे प्रकार): टीसीपी ४४५, आणि जुनी मशीन असतील तर टीसीपी १३९, यूडीपी १३७ व १३८. इथे एक पथ्य पाळा. परवानगी फक्त आपल्या नेटवर्कच्या पत्त्यांना, उदाहरणार्थ १९२.१६८.१.० ते १९२.१६८.१.२५५. 'एनी' (कोणताही पत्ता) ठेवलंत तर ४४५ सगळ्यांनाच उघडा, आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून पसरला होता.

प्रिंटर थेट वायफायवर असेल तर ही भानगड बहुधा लागतच नाही.