कौन्सिलच्या निकालाची वाट पाहू नका, भरपाई मागायला तीनच महिने उरलेत

वडिलांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा झाली आणि दहा दिवसांनी दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा पोट उघडावं लागलं. याला आता 21 महिने झाले. त्यापैकी 14 महिने तुम्ही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे (डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी संस्था) केलेल्या तक्रारीवर विसंबून काढले आणि आता विचारता, निकाल लागल्यावर भरपाई किती मिळेल? असं विचारणारे तुम्ही पहिले नाही.

एक रुपयाही मिळणार नाही. कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ निलंबित करू शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते. भरपाई देण्याचा अधिकारच तिला नाही. तक्रार सहा महिन्यांत निकाली काढावी असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत लिहिलेलं आहे, ते कागदावरच राहतं.

भरपाई ग्राहक आयोगाकडे मागायची, आणि तिथली मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नुसार दोन वर्षं. कौन्सिलमध्ये तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. ती दुसऱ्या शस्त्रक्रियेपासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. पहिल्याच तारखेपासून मोजा. मुदत चुकली तर विलंबमाफीचा अर्ज असतो. मात्र ‘कौन्सिलच्या निकालाची वाट पाहत होतो’ हे कारण आयोगाला पटेल का, हे सांगता येत नाही.

आधी कागदपत्रं हातात घ्या. केस पेपर ‘तोंडी मागितले, दिले नाहीत’ असं तुम्ही लिहिलंत. 21 महिन्यांत एक लेखी अर्ज करायला काय हरकत होती? वडिलांच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर रुग्णालयाचा आवक शिक्का व तारीख घ्या. त्यानंतर 72 तासांत नोंदी देणं बंधनकारक आहे. शिक्का मारायला नकार दिला तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. शस्त्रक्रियेची टिपणं, संमतिपत्र, परिचारिकांच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड हे सगळं नावानिशी मागा, नाहीतर चार पानांचा सारांश हातात पडेल. नोंदी तीन वर्षंच जपायचं बंधन आहे, हेही ध्यानात असू द्या.

आयोगाकडची तक्रार वडिलांच्या नावाने, त्यांच्या सहीने. भरलेलं बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग; बिल 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. इथे बिलाची रक्कम बघतात, मागितलेली भरपाई नव्हे. रुग्णालय सगळ्यांवरच मोफत उपचार करत असेल तर मात्र हा रस्ता बहुधा बंद. तसं असेल तर लगेच कळवा.

पित्तनलिकेला इजा झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं नाही. ही या शस्त्रक्रियेतली माहीत असलेली गुंतागुंत आहे. इजा तिथेच लक्षात आली होती का, नंतर कावीळ किंवा ताप दिसूनही कुणी तपासलं का, यावर प्रकरण उभं राहील. त्यासाठी दुसऱ्या सर्जनचं लेखी मत लागेल. ते मिळवायलाच महिना जातो.

कौन्सिलची तक्रार मागे घेऊ नका. तिचा निष्कर्ष आला तर नंतर पुरावा म्हणून दाखल करता येईल.