क्रिएटिनिन १.५ आणि आईची किडनी

"मॅडम, क्रिएटिनिन १.३ वरून १.५ झालं. किडनी चालली का?" क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ; तो वाढला की किडनी कमी गाळतेय अशी शंका येते. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. खरं तर तो नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारायचा. पण त्यांनी उत्तर देऊनही झोप लागत नाही, तेव्हा माणसं माझ्याकडे, समुपदेशनाला येतात. रिपोर्ट बरा आणि चेहरा पडलेला दिसला, की आमचे डॉक्टर आता आपणहून पाठवतात.

प्रशांत (नाव बदललंय) त्यातलाच. वय पस्तिशीचं, किडनी आईने दिलेली. ठरलेल्या तपासण्या चालूच होत्या, तरी हा मधेच दुसऱ्या लॅबमध्ये रक्त देऊन यायचा. मोबाइलमध्ये सगळे आकडे, वाढलेले लाल रंगात.

पाणी कमी पडलं, आदल्या रात्री मटण झालं, लॅब बदलली, तरी क्रिएटिनिन थोडं हलतं. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, त्याची रक्तातली पातळी चढली तरी वाढतं. त्या तपासणीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. प्रशांत एकदा गोळी घेऊन गेला आणि आलेला आकडा बघून रात्रभर जागा राहिला.

"पण शेजारच्या बेडवाल्यांना आठवडाभर धड लघवी नव्हती. त्यांचं आज १.२ आहे. माझी पहिल्या दिवसापासून चालू, आणि मी १.५ वर?"

त्या गृहस्थांना मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली होती. ती काही तास बर्फात राहून येते, कामाला लागायला वेळ घेते. कधी पहिल्या आठवड्यात डायलिसिसही लागतं. अशा सुरुवातीने पुढचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, गरज पडली तर बायॉप्सी करतात. तरीही त्यातल्या पुष्कळ किडन्या पुढे चांगल्या चालतात. पुढच्या वर्षांचा अंदाज घ्यायला पाचव्या दिवसाच्या आकड्यापेक्षा वर्षाअखेरीस तो कुठे स्थिरावला, लघवीतून प्रोटीन जातंय का, हे जास्त उपयोगी पडतं.

"पटलं," म्हणाला. आणि पुढच्या वेळी आणखी एका लॅबचा रिपोर्ट घेऊन हजर.

भीती एकट्या माणसाची नसते, घराची असते, असं माझं ठाम मत आहे. मी आईंना बोलावलं.

"रिपोर्ट आला की घरी काय सांगता?" मी त्याला विचारलं.

"आईला थोडं कमी करून सांगतो."

"मला माहितीय," आई म्हणाल्या. "तुझ्या फायली मीच लावते ना."

"आणि तुमचं क्रिएटिनिन किती, आई?"

प्रशांतने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं.

"१.१. आधी ०.७ होतं. एकच राहिली म्हटल्यावर वाढणारच, असं डॉक्टर म्हणाले. मी काय रोज बघत बसते?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "माझं वाढलं की वाटतं, तुझी किडनी मी वाया घालवली."

"दिली ती दिली. आता तुझी आहे ती. बिघडली तर तुझी बिघडेल, माझा काय संबंध!"

तो हसला, मग रडला. किडनीचा आकडा तो आईच्या उपकाराचा हिशेब म्हणून वाचत होता. हे दोघांसमोर बोललं गेलं की पुढचं सोपं होतं. या खुर्चीत बसून मला जे कळलंय, त्यातलं हे सगळ्यात खात्रीचं.

मग ठरलं: लॅब एकच, तारखा डॉक्टर देतील त्याच, आणि आकडा घरी आहे तसा सांगायचा. तपासणी मात्र एकही चुकवायची नाही, कारण रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, पुष्कळदा काहीही न दुखता सुरू होतं, रक्तातच कळतं. आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा साधारण २५ टक्क्यांनी वाढ, लघवी कमी होणं, ताप, पायांना सूज, एकदम वाढलेलं वजन, उलट्या-जुलाबांत गोळ्या न टिकणं, यातलं काहीही झालं तर माझी अपॉइंटमेंट घेऊ नका. त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. मेडिकलमधून परस्पर पेनकिलर नको, कुणी सुचवलेला काढाही नको.

आणि दात्याचं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, बीपी वर्षातून एकदा तपासायचंच असतं. बऱ्याच घरांत ते राहून जातं. आईंची तारीख आता प्रशांत लक्षात ठेवतो. दोन लॅबमध्ये मात्र नेऊ नकोस, असं त्यांनी बजावलंय.